ताश्कंदला आठवडाभर जायचंय? तयारी या क्रमाने करा

मराठी घरांत ताश्कंदचं नाव बहुतेक वेळा एकाच आठवणीने निघतं. १० जानेवारी १९६६ ला तिथे भारत-पाकिस्तान करारावर सह्या झाल्या आणि त्याच मध्यरात्रीनंतर लालबहादूर शास्त्रींचं निधन झालं. संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाणही त्या शिष्टमंडळात होते. अलीकडे हेच नाव टूर कंपन्यांच्या जाहिरातींत दिसतं, चार दिवसांचं पॅकेज आणि त्यात एक-दोन संध्याकाळी नाईट क्लबच्या. त्या जाहिरातींवरून या शहराबद्दल मत बनवू नका. आईवडिलांना घेऊन, मुलांना घेऊन किंवा एकट्या बाईने निर्धास्त फिरावं असं हे शहर आहे. रुंद रस्ते, भरपूर झाडं, उत्तम मेट्रो आणि पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय न सोडणारी माणसं.

आठवडा हाताशी असला की लोक ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा असं सगळं त्यात कोंबतात. मी तसं सुचवणार नाही. ताश्कंद मुक्कामाचं शहर धरा, समरकंदला एक रात्र द्या, एक दिवस डोंगरात जा. बुखारा आणि खिवासाठी पुन्हा या, ती दोन्ही शहरं घाईत बघायची नाहीत. खालचा क्रम मुद्दाम तसा लावला आहे. यातली एक पायरी मागेपुढे झाली की पुढच्या दोन अडतात.

१. आधी महिना ठरवा

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले महिने. २५ जून ते ५ ऑगस्ट या साधारण चाळीस दिवसांना तिथे 'चिल्ला' म्हणतात. पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारी रस्त्यावर फिरवत नाही. हिवाळ्यात तापमान शून्याच्या आसपास असतं, बर्फ पडतो आणि धुरामुळे हवाही खराब होते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारी टाळावा.

शाळेतली मुलं सोबत असतील तर एप्रिलअखेर ते मेचा मध्य सोयीचा. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली तर तीही चालते, फक्त संध्याकाळसाठी जाड जाकीट हवं. मला स्वतःला सप्टेंबर आवडतो, कारण तेव्हा बाजारात खरबुजं, द्राक्षं आणि अंजिरं एकदम आलेली असतात. २१ मार्चचा नवरोझ आणि १ सप्टेंबरचा स्वातंत्र्यदिन यांच्या आसपास जाणार असाल तर मध्यवर्ती चौकांत गर्दी आणि बंद रस्ते मिळतील हे धरून चाला.

२. विमान बघा, पण तिकीट काढण्याआधी पासपोर्ट उघडा

दिल्लीहून थेट विमान साधारण तीन तासांत पोचतं. उझबेकिस्तान एअरवेजची सेवा दिल्लीहून आहे. मुंबईहूनही त्यांची थेट विमानं असतात, मात्र आठवड्यातले मोजकेच दिवस. म्हणून मुंबईकरांनी आधी विमानाचे वार बघावेत आणि मग रजा टाकावी. इंडिगोने २०२३ मध्ये दिल्ली-ताश्कंद सेवा सुरू केली होती. पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केल्यावर एप्रिल २०२५ मध्ये ती थांबवावी लागली. त्यामुळे जुन्या लेखांत किंवा व्हिडिओत दिसलेली वेळापत्रकं गृहीत धरू नका.

आता पासपोर्ट. प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने वैध असावा आणि एक-दोन पानं कोरी असावीत. याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचं नाव. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे लावतात आणि पासपोर्टवर ते दिलेल्या नावाच्या रकान्यात जातं. विमानाचं तिकीट काढताना लोक ते गाळतात, व्हिसाच्या अर्जात भरतात आणि रेल्वे तिकिटावर पुन्हा गाळतात. तिन्ही ठिकाणी पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने नाव भरा. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीला विचारून घ्यावं.

३. ई-व्हिसा स्वतः काढा

भारतीयांना उझबेकिस्तानचा ई-व्हिसा मिळतो. एकदा प्रवेशाच्या व्हिसाची फी २० अमेरिकन डॉलर, मुक्काम जास्तीत जास्त ३० दिवस. पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा स्पष्ट स्कॅन, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, ईमेल आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड एवढं लागतं. साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत पीडीएफ ईमेलवर येते. तिथे शनिवार-रविवार सुट्टी असते, म्हणून निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी अर्ज करावा.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिराती. सरकारी संकेतस्थळासारखं रूप घेतलेली खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सरकारी पत्ता 'ई-व्हिसा डॉट गव्ह डॉट यूझेड' असा आहे. ई आणि व्हिसा यांच्या मधे आडवी रेघ आहे, आणि शेवट गव्ह, यूझेड असाच असला पाहिजे.

दुसरं, कार्ड. आपल्या बँका आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार मुळातच बंद ठेवतात. अर्ज भरायला बसण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, नाहीतर पैसे भरण्याच्या पानावर अर्ज अडतो आणि सगळं पुन्हा भरावं लागतं.

पीडीएफ आली की नाव, पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून बघा. दोन प्रती छापून घ्या, एक हातातल्या पिशवीत आणि एक सामानात.

४. हॉटेलच्या आधी समरकंदचं रेल्वे तिकीट

ही पायरी बहुतेक जण शेवटी ठेवतात. ती आधी करायची आहे.

ताश्कंद ते समरकंद 'अफ्रोसियोब' ही वेगवान गाडी २०११ पासून धावते. सुमारे ३४४ किलोमीटरचं अंतर ती सव्वादोन तासांच्या आत कापते. हंगामात तिची तिकिटं हां हां म्हणता संपतात. विक्री साधारण दीड महिना आधी उघडते. उझबेक रेल्वेचं स्वतःचं संकेतस्थळ आणि मोबाइल ॲप आहे, त्यावर इंग्रजीत तिकीट काढता येतं. परदेशी कार्ड कधी कधी पहिल्या फेरीत नाकारलं जातं, तेव्हा दुसरं कार्ड वापरून बघा.

जायचं तिकीट सकाळच्या पहिल्या गाडीचं आणि यायचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं घ्या. अफ्रोसियोब मिळाली नाही तर 'शर्क' नावाची गाडी बघा. ती सावकाश जाते पण डबे चांगले असतात. एक लक्षात ठेवा, ताश्कंदला उत्तर आणि दक्षिण अशी दोन स्थानकं आहेत. अफ्रोसियोब उत्तरेकडच्या, म्हणजे 'तोशकेंत' मेट्रोजवळच्या स्थानकातून सुटते. तिकिटावर काय लिहिलंय ते वाचूनच टॅक्सी बोलवा. स्थानकात शिरताना पासपोर्ट आणि सामानाची तपासणी होते, म्हणून पाऊण तास हाताशी ठेवा.

गाडीच्या तारखा नक्की झाल्या की मगच हॉटेलच्या रात्री मोजा.

५. हॉटेल मेट्रोजवळ घ्या, आणि नोंदणीची चिठ्ठी मागून घ्या

२६ एप्रिल १९६६ ला, करारानंतर साडेतीन महिन्यांनी, पहाटे भूकंप झाला. त्याचं केंद्र थेट शहराच्या खाली होतं. जुनी मातीची घरं मोठ्या प्रमाणात कोसळली आणि सुमारे तीन लाख लोक बेघर झाले. मग सोव्हिएत संघातल्या सगळ्या प्रजासत्ताकांतून कामगार येऊन नवं ताश्कंद उभं राहिलं. शास्त्रीजींनी आणि यशवंतरावांनी पाहिलेलं शहर आज फारसं शिल्लक नाही ते यामुळे. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा की शहर ऐसपैस पसरलेलं आहे. नकाशावर जवळ दिसणाऱ्या दोन जागांमध्ये अर्ध्या तासाची चाल असते. हॉटेलपासून मेट्रो स्टेशन चालत दहा मिनिटांच्या आत असावं, बाकी गोष्टी दुय्यम.

अमीर तैमूर चौक, ओयबेक आणि कोस्मोनाव्तलार या स्टेशनांच्या आसपासचा भाग सगळ्यात सोयीचा. जुन्या शहरात चोरसू बाजाराजवळ अंगणवाली छोटी गेस्ट हाऊस आहेत. तिथे न्याहारी घरगुती मिळते आणि यजमानांशी बोलणं होतं. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मी हीच सुचवेन.

आता नोंदणी. परदेशी पाहुण्याची प्रत्येक मुक्कामाच्या जागी सरकारी नोंदणी व्हावी लागते, आल्यापासून तीन दिवसांच्या आत. हॉटेल ती स्वतः करतं आणि मागितली तर छापील चिठ्ठी देतं. घर भाड्याने घेतलं असेल तर घरमालकाने 'ई-मेहमोन' या प्रणालीत ती करायची असते. काही मालक टाळाटाळ करतात. नोंदणी करणार का, हे बुकिंगच्या आधी लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ती जागा सोडा, कारण दंड पाहुण्यालाही होऊ शकतो. समरकंदच्या हॉटेलचीही चिठ्ठी घ्या. सगळ्या चिठ्ठ्या देश सोडेपर्यंत पासपोर्टात जपून ठेवा.

६. पैसे

तिथलं चलन सोम. भाव बदलतो, पण एका रुपयाला साधारण सव्वाशे ते दीडशे सोम धरा. म्हणजे एक लाख सोम सातशे-आठशे रुपयांच्या घरात. दोन लाखांपर्यंतच्या नोटा आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी शून्यांनी गोंधळायला होतं. बाजारात विक्रेते 'हजार' बोलतच नाहीत, वीस म्हणाले म्हणजे वीस हजार. शंका आली तर कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून दाखवायला सांगा, सगळे आनंदाने दाखवतात.

भारतातून रोख डॉलर आणि एक फॉरेक्स कार्ड असं दोन्ही न्या. नोटा नव्या, न दुमडलेल्या, शाईचा डाग नसलेल्या हव्यात, नाहीतर बँक परत करते. आपल्या नियमांप्रमाणे एका प्रवासात रोख ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, आठवड्याला त्याचा चौथा हिस्साही लागत नाही. रुपये तिथे बदलून मिळतील या भरवशावर राहू नका, यूपीआयच्याही नाही.

डॉलर बँकेत किंवा अधिकृत विनिमय केंद्रात बदला. २०१७ पर्यंत तिथे सरकारी दर आणि काळ्या बाजाराचा दर यांत मोठी तफावत होती. तेव्हाचे प्रवासी रस्त्यावर पैसे बदलायचे आणि जुन्या लेखांत तसा सल्ला अजून दिसतो. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये दर खुला झाला आणि रस्त्यावर बदलण्यात आता काहीच फायदा उरलेला नाही. बाजारात कोणी जवळ येऊन डॉलर विचारले तर मान हलवून पुढे जा.

७. बॅग भरताना

कागदपत्रं अशी:

- पासपोर्ट आणि त्याच्या दोन झेरॉक्स
- ई-व्हिसाच्या दोन छापील प्रती
- परतीचं विमान तिकीट, हॉटेल बुकिंग आणि रेल्वे तिकिटं छापून
- प्रवास विम्याची प्रत, त्यावरचा फोन नंबर ठळक करून
- दोन पासपोर्ट फोटो
- नेहमीच्या औषधांचं इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन, औषधांच्या मूळ नावांसह
- हे सगळं फोनमध्ये, इंटरनेटशिवाय उघडेल असं

औषधांबद्दल नीट वाचा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं आणि झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या यांवर तिथे कडक नियंत्रण आहे. आपल्याकडे सहज मिळणारी गोळी तिथल्या कस्टम्सला अमली पदार्थ वाटू शकते. घरातल्या ज्येष्ठांच्या डब्यात काय आहे ते डॉक्टरांना दाखवा. गरजेचं असेल तेवढंच, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह न्या आणि उतरल्यावर ते जाहीर करा. गोळ्या काढून प्लॅस्टिकच्या कप्प्यांत भरून नेऊ नका. ड्रोन अजिबात नेऊ नका, परवानगीशिवाय त्याला बंदी आहे.

प्लगची भोकं गोल दोन पिनांची असतात. आपले दोन पिनांचे चार्जर बहुतेक बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत, एक अडॅप्टर घ्या. नळाचं पाणी पिऊ नये, म्हणून छोटी विजेची किटली फार कामाची. मशिदीत आणि मकबऱ्यांत जायला बायकांनी ओढणी किंवा स्कार्फ, आणि सगळ्यांनीच खांदे-गुडघे झाकणारे कपडे ठेवावेत.

फोनमध्ये तीन गोष्टी भारतात असतानाच टाका: टॅक्सीसाठी यांडेक्स गो, नकाशासाठी यांडेक्स मॅप्स आणि भाषांतराचं ॲप, उझबेक व रशियन भाषा ऑफलाइन उतरवून.

८. विमानतळावरचा पहिला तास

घड्याळ अर्धा तास मागे घ्या. इमिग्रेशनवर व्हिसाचा कागद आणि पासपोर्ट एकत्र द्या, प्रश्न फारसे विचारत नाहीत. बाहेर येण्याआधीच्या काउंटरवर सिम मिळतं. यूसेल, बीलाइन, मोबीयूझ, उझमोबाइल या तिथल्या कंपन्या. पासपोर्ट लागतो, डेटा स्वस्त आहे. थोडे सोमही तिथेच घ्या.

दारातून बाहेर पडताच टॅक्सीवाले गराडा घालतील. बॅग उचलायला हात पुढे करतील, भाडं पाच-सहा पट सांगतील. शांतपणे नाही म्हणा आणि यांडेक्सवरून गाडी बोलवा. विमानतळ शहराच्या मध्यापासून सहा-सात किलोमीटरच आहे, त्यामुळे खरं भाडं थोडं असतं. गाडी आली की नंबर ताडा. ॲपमध्ये पैसे रोख देण्याचा पर्याय निवडला असेल तर सुटे ठेवा.

९. मेट्रो समजून घ्या

ताश्कंदची मेट्रो १९७७ मध्ये सुरू झाली, मध्य आशियातली ती पहिली. २०१८ पर्यंत तिथे फोटो काढायला मनाई होती, आता मोकळीक आहे. भाडं आपल्या वीस-पंचवीस रुपयांच्या आसपास, अंतर कितीही असो. संपर्करहित बँक कार्ड फाटकावर टेकवलं की उघडतं. दारात पिशव्या तपासतात आणि पोलीस कधी पासपोर्ट बघतात, म्हणून तो जवळ असावा.

नवख्याला चकवणारी गोष्ट म्हणजे मार्ग बदलण्याच्या ठिकाणी एकाच जागेला दोन नावं असतात. पाख्ताकोर आणि अलिशेर नवोई, अमीर तैमूर खियाबोनी आणि युनुस राजाबी, ओयबेक आणि मिंग ओरिक या जोड्या आहेत. एका नावाच्या फलाटावर उतरायचं, जिना चढायचा, दुसऱ्या नावाच्या फलाटावर जायचं. फाटकाबाहेर पडायचं नाही. या तीन जोड्या कागदावर लिहून खिशात ठेवल्या तर शहर तुमच्या हातात आलं म्हणून समजा.

स्टेशनं बघण्यासाठी दोन तास वेगळे काढा. चोरसूहून तोशकेंतकडे जाणारा मार्ग घ्या. अलिशेर नवोई स्टेशनचं छत मशिदीच्या घुमटांसारखं आहे. कोस्मोनाव्तलारच्या निळ्या भिंतींवर युरी गागारिन आणि व्हॅलेंतिना तेरेश्कोवा यांच्यासोबत पंधराव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ उलुगबेगही आहे. पाख्ताकोर म्हणजे कापूस उत्पादक, तिथल्या मोझेकमध्ये कापसाची बोंडं आहेत. विदर्भातल्या माणसाला तिथे थोडा वेळ थांबावंसं वाटेल.

१०. सात दिवस कसे घालवायचे

*पहिला दिवस* हलका ठेवा. अमीर तैमूर चौक, मागे १९७४ चं उझबेकिस्तान हॉटेल आणि संध्याकाळी सायलगोह रस्ता. घोड्यावरचा हा तैमूर म्हणजे १३९८ मध्ये दिल्ली लुटणारा. तिथे तो राष्ट्रपुरुष आहे. चौकात वाद घालू नका, जवळच्या तैमूर संग्रहालयात जाऊन त्यांची बाजू बघा.

*दुसरा दिवस* पूर्ण जुन्या शहराला. सकाळी लवकर चोरसू बाजार. निळ्या घुमटाखाली मधोमध मांस आणि दुग्धपदार्थ आहेत. शाकाहारी मंडळींनी तळमजल्यावर न रेंगाळता वरच्या गोल सज्जात सुक्या मेव्याकडे जावं. बाहेर भाज्या, लोणची, मसाले आणि तंदूरमधून थेट निघणारी रोटी. भाव करायला हरकत नाही, पण हसतमुखाने. तिथून सोळाव्या शतकातली कुकलदाश मदरसा दोन पावलांवर. मग खास्त इमाम. हरणाच्या कातडीवर लिहिलेल्या अतिप्राचीन उस्मानी कुराणामुळे हा परिसर ओळखला जातो. चोरसू ते खास्त इमाम मोठ्या रस्त्याने न जाता मोहल्ल्यांच्या गल्ल्यांतून चाला. भूकंपातून वाचलेलं ताश्कंद तिथे आहे: मातीच्या भिंती, लाकडी दारं, आत द्राक्षाचे मांडव.

*तिसऱ्या दिवशी* मेट्रो स्टेशनं, स्वातंत्र्य चौक आणि भूकंपाचं स्मारक. या स्मारकात दुभंगलेला दगड आहे आणि आईमुलाला पाठीशी घालून उभा असलेला पुरुष. लग्न झालेली जोडपी तिथे फुलं वाहायला येतात. संध्याकाळी नवोई नाट्यगृह. श्चुसेव या वास्तुरचनाकाराची ही इमारत १९४७ मध्ये उघडली आणि तिच्या बांधकामावर जपानी युद्धकैद्यांनीही काम केलं होतं. भूकंपात ती टिकली. ऑपेरा किंवा बॅलेचं तिकीट आपल्याकडच्या नाटकाच्या तिकिटाएवढ्यात मिळू शकतं. उन्हाळ्यात प्रयोग बंद असतात.

*चौथा आणि पाचवा* समरकंद. मोठी बॅग ताश्कंदच्या हॉटेलातच ठेवायला द्या, परत यायचंच आहे. रेगिस्तान चौक दुपारी एकदा आणि दिवे लागल्यावर पुन्हा बघा. शाह-ए-झिंदा हा मकबऱ्यांचा परिसर दुसऱ्या दिवशी उघडल्याबरोबर, गटांच्या बसेस यायच्या आधी. उलुगबेगची वेधशाळा लोक वगळतात, कारण तिथे जमिनीखालच्या दगडी कमानीचा एक तुकडाच उरला आहे. वगळू नका. इथे तयार झालेली ग्रहताऱ्यांची कोष्टकं तीनशे वर्षांनी सवाई जयसिंगाने अभ्यासली होती. जयपूरचा जंतरमंतर पाहिलेल्या माणसाला त्या खड्ड्यात उतरून बरंच काही दिसतं.

*सहावा* डोंगरात. चार्वाक जलाशय आणि चिमगान शहरापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. तिथल्या अमीरसोय या पर्यटनस्थळी केबल कार आहे. दिवसभराची गाडी हॉटेलमार्फत ठरवा, थांबण्याचे तास आणि एकूण रक्कम आधीच लिहून घ्या. पासपोर्ट जवळ असू द्या.

*सातवा* शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी जा. त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर तो आहे आणि मेट्रोऐवजी टॅक्सीने जाणं सोपं. फुलं आधीच घेऊन जा. दुपारी उपयोजित कला संग्रहालय. पोलोव्त्सेव या रशियन मुत्सद्द्याच्या घराच्या कोरीव खोल्या आणि सुझानी भरतकाम बघण्यासारखं आहे. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून तुमचा सोमवार कुठे पडतो ते बघून दिवस अदलाबदल करा.

११. खाणं

हा भाग आधी वाचला असता तर बरं झालं असतं, असं अनेक जण परत आल्यावर म्हणतात.

तिथला मुख्य पदार्थ पलोव, त्याला 'ओश' म्हणतात. मोठ्या कढईत तांदूळ, पिवळी-लाल गाजरं, कांदा आणि मांस. टीव्ही मनोऱ्याजवळच्या प्रसिद्ध पलोव केंद्रात शेकडो लोक जेवतात. हे दुपारचं जेवण आहे. बारा ते एकच्या दरम्यान पोचा, तीननंतर कढया रिकाम्या होतात.

मांसाहारी असाल पण गोमांस खात नसाल तर दरवेळी विचारा, कारण पलोव, सोमसा (समोशासारखा पदार्थ) आणि शाशलिक (सळईवर भाजलेलं मांस) यांत ते सर्रास असतं. 'मोल गोश्ती' म्हणजे गोमांस, 'क़ोय गोश्ती' म्हणजे मेंढीचं, 'तोवुक' म्हणजे कोंबडी. रशियनमध्ये अनुक्रमे गव्यादिना, बारानिना आणि कुरित्सा. पलोववर चकत्या ठेवतात ती 'काझी' म्हणजे घोड्याच्या मांसाची सॉसेज असते. नको असेल तर वाढण्याआधीच सांगा.

शाकाहारी मंडळींसाठी: 'गोश्तसिझ' म्हणजे मांसाशिवाय. पण हा शब्द बोलून काम पूर्ण होत नाही. पलोवमधून मांस बाजूला काढून तोच भात देतात, लगमन या नूडल्सच्या पदार्थाचा रस्सा मांसाचाच असतो. खात्रीचे पदार्थ म्हणजे तंदूरची 'नोन', टोमॅटो-कांद्याची 'अचिचुक' कोशिंबीर, 'सुझमा' हा चक्क्यासारखा दह्याचा प्रकार, भोपळ्याचं सोमसा (चरबी आहे का ते विचारून), अंडी आणि भरपूर फळं. शहरात भारतीय रेस्टॉरंट्स आहेत. वैद्यकीय शिक्षणासाठी आलेले भारतीय विद्यार्थी ताश्कंद आणि समरकंद दोन्हीकडे आहेत, त्यामुळे डाळ-भात मिळतो. तरीही भडंग, खाकरे, मेतकूट आणि झटपट उपम्याची पाकिटं सोबत असू द्या, डोंगरातल्या दिवशी कामाला येतात.

रोटी उलटी ठेवू नये आणि जमिनीवर टाकू नये, तिथे तो अन्नाचा अपमान समजतात. चहा अर्धी पियाली भरून देतात. कमी दिला असं समजू नका, पुन्हा पुन्हा भरून देणं हाच मान.

१२. अडचण आली तर, आणि निघताना

पोलिसांसाठी १०२, रुग्णवाहिकेसाठी १०३. पर्यटकांच्या मदतीसाठी वेगळे पोलीस असतात, पाठीवर इंग्रजीत लिहिलेलं असतं. भारतीय दूतावास ताश्कंदमध्येच आहे. त्याचा आपत्कालीन क्रमांक निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांकडून लेखी नोंद आणि मग दूतावास, हा क्रम पाळा. झेरॉक्स आणि दोन फोटो तिथेच उपयोगी पडतात.

खरेदीत रिश्तान गावची निळी भांडी, इकत कापड, सुका मेवा आणि 'नवात' ही खडीसाखर चांगली. जुनी नाणी, जुने गालिचे, पुराणी हस्तलिखितं कितीही आवडली तरी घेऊ नका. पुराणवस्तू परवानगीच्या कागदाशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. नवं सुझानी किंवा गालिचा घेतला तर दुकानाची पावती मागून घ्या.

शेवटच्या दिवशी उरलेले सोम शहरातल्याच बँकेत डॉलर करून घ्या, भारतात ते कोणी बदलून देत नाही. टॅक्सीपुरते ठेवा. विमानाच्या तीन तास आधी पोचा, कारण टर्मिनलच्या दारातच सामानाची पहिली तपासणी असते आणि रात्रीच्या विमानांना तिथे रांग लागते. नोंदणीच्या चिठ्ठ्या हातात ठेवा. पासपोर्टवर निर्गमनाचा शिक्का बसला की मगच त्या पिशवीत टाका.